मासे न सोडता पारा कमी कसा करावा : उत्तर कॅनडातील आदिवासी वस्त्यांत काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कॅनडाच्या उत्तर भागातील फर्स्ट नेशन्स आणि इनुइट वस्त्यांत मासा हे रोजचे अन्न आहे. अनेक गावांपर्यंत पक्का रस्ताच नसल्यामुळे दुकानातले ताजे मांस आणि भाजी विमानाने येते. ती महाग असते आणि हवामान बिघडले की येतही नाही. तळ्यातला मासा मात्र ताजा मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि प्रथिने, ड जीवनसत्त्व, सेलेनियम व ओमेगा-३ स्निग्धाम्ले या बाबतींत त्याच्या तोडीचे काही त्या दुकानात सहसा नसते. अशा ठिकाणी पाऱ्याचा धोका दिसताच ‘मासे बंद करा’ असे सांगणारा आरोग्यसेवक एका संकटाच्या जागी दुसरे संकट आणून ठेवतो. तिथल्या गावांत परिचारिका, डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा संशोधक म्हणून काम करणाऱ्या आणि सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. मासे खाणे चालू ठेवायचे, परंतु कोणत्या पाण्यातला, कोणत्या जातीचा आणि केवढा मासा घरातल्या कोणी खायचा हे नीट ठरवायचे, यावर त्याचा सगळा भर आहे.

हे सुरुवातीलाच स्पष्ट करण्याचे कारण क्वेबेकमधील जेम्स बे भागात घडलेले आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ला ग्रांद नदीवर जलविद्युत प्रकल्पाचे प्रचंड जलाशय भरले गेले, आणि त्यांतील माशांत पारा कित्येक पटींनी वाढला. तिथल्या क्री या आदिवासी लोकांना सावध करण्यात आले, १९८६ मध्ये पाऱ्याविषयीचा स्वतंत्र करारही झाला आणि पुढे लोकांच्या अंगातील पाऱ्याचे प्रमाण खाली आले. परंतु ते खाली येण्यात मासे खाणे आणि मासेमारीला जाणे हेच कमी झाल्याचा वाटा मोठा होता. ज्या तळ्यांत धोका नव्हता तिथले मासेही अनेकांनी टाळले. मधुमेह आधीच वाढत असलेल्या समाजात माशाची जागा डबाबंद मांसाने आणि साखरेच्या पेयांनी घेतली, तर नुसती पाऱ्याची पातळी उतरल्याचे समाधान मानता येत नाही.

पारा माशात कसा येतो

सल्ला देणाऱ्याला ही साखळी घरातल्या थोरामोठ्यांना सोप्या शब्दांत सांगता आली पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक नियम तिच्यातून निघतो.

पाण्यात उतरलेला पारा तळाच्या गाळात जातो. जिथे प्राणवायू नसतो तिथले काही जिवाणू त्याचे रूपांतर मिथाइलमर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगात करतात. ती शेवाळात आणि सूक्ष्म जिवांत शिरते, त्या जिवांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर तिचे प्रमाण वाढत जाते. माशाच्या अंगातून ती फार सावकाश बाहेर पडते, म्हणून जितका मासा वयाने मोठा आणि जितका तो इतर माशांवर जगणारा, तितका पारा अधिक. माणसाच्या आतड्यातून तिचा जवळजवळ ९५ टक्के भाग रक्तात शोषला जातो. ती वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, आणि नाळेच्या रक्तातील तिचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त असते.

पारा पाण्यात येण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. ऑन्टारिओच्या वायव्य भागातील ग्रासी नॅरोज या अनिशिनाबे वस्तीच्या वाट्याला आला तो कारखान्याचा पारा. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन येथील कागद गिरणीला क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा पुरवणाऱ्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत सुमारे नऊ टन पारा सोडला. १९७० मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली. मासे पकडणाऱ्यांचा आणि पर्यटकांना मासेमारीसाठी नेणाऱ्या वाटाड्यांचा रोजगार एकाच फटक्यात गेला. जपानमधील मिनामाता येथे अशाच कारखान्याच्या पाऱ्याने विषबाधा झालेल्या रुग्णांसाठी आयुष्य वेचलेले डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी १९७५ मध्ये येथे येऊन लोकांची तपासणी केली. गाळातला पारा अजून तिथेच आहे, आणि नदी स्वच्छ करण्यासाठी ऑन्टारिओ सरकारने ८.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले ते २०१७ मध्ये.

जेम्स बेमध्ये कोणी पारा ओतला नव्हता. जंगल आणि दलदल पाण्याखाली गेली, कुजणाऱ्या झाडपाल्यावर जिवाणू फोफावले आणि जमिनीत होता तोच पारा मिथाइलमर्क्युरी होऊन वर आला. आर्क्टिकमध्ये पारा हवेतून येतो : हजारो किलोमीटरवरच्या कोळशाच्या भट्ट्या आणि सोन्याच्या खाणी यांचा धूर वाऱ्याबरोबर उत्तरेला जातो. भारतातले कोळशावर चालणारे वीजप्रकल्पही या जागतिक साठ्यात भर घालतात, एवढे आपण लक्षात ठेवावे.

आधी पाणी ओळखावे

एकाच गावाभोवतालच्या दोन तळ्यांतल्या, एकाच जातीच्या आणि एकाच लांबीच्या माशांत पाऱ्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट वेगळे असू शकते. चहासारखे गडद पाणी, भोवती दलदल आणि पाण्यात आम्लता असेल तर पारा जास्त असण्याची शक्यता वाढते. थंड, अन्न कमी असलेल्या तळ्यात मासे हळूहळू वाढतात. लांबीने मध्यम दिसणारा मासा वयाने म्हातारा असतो आणि त्याने तितकी वर्षे पारा साठवलेला असतो.

म्हणून पहिले काम म्हणजे लोक खरोखर कुठे मासे पकडतात याचा नकाशा तयार करणे. सरकारी नकाशावरची नावे आणि लोकांच्या तोंडची नावे वेगळी असतात, म्हणून लोकांची नावे आधी लिहावीत. वसंतात जाळी कुठे लागतात, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ कुठे टाकतात, शरद ऋतूत व्हाइटफिश अंडी घालायला येतात तेव्हा घरोघरचे लोक कोणत्या पात्रात जातात, हे ज्येष्ठ मासेमारांखेरीज कोणालाही नीट सांगता येणार नाही. त्यानंतर प्रांतिक सरकारने किंवा आदिवासी आरोग्य मंडळाने त्या पाण्यातील माशांची तपासणी केली आहे का, ते पाहावे. ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये तळ्यानुसार, जातीनुसार आणि लांबीनुसार सल्ला उपलब्ध असतो. तुमच्या तळ्याचे नाव त्यात नसेल तर ‘धोका नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. तेथील मासे तपासून घेण्याची मागणी बँड कौन्सिलमार्फत, म्हणजे वस्तीच्या निवडलेल्या मंडळामार्फत, करावी.

या कामाचा चांगला नमुना सीमेच्या दक्षिणेला आहे. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगन येथील ओजिब्वे जमातींच्या ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन या संस्थेने वॉलआय माशासाठी तळेनिहाय रंगीत नकाशे तयार केले आहेत. गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक आणि इतर प्रौढांसाठी दुसरा नकाशा असतो, आणि रंग पाहताच त्या तळ्यातले मासे महिन्यातून किती वेळा खावेत हे कळते. वसंतात रात्री भाल्याने वॉलआय मारायला निघालेला माणूस तळे कोणते निवडायचे हे निघण्यापूर्वीच ठरवू शकतो. कितीही आकडे भरलेले पत्रक असले तरी ते इतके उपयोगी पडत नाही.

जात आणि लांबी

उत्तरेच्या गोड्या पाण्यात व्हाइटफिश आणि सकर हे मासे तळातले किडे, गोगलगायी आणि लहान जीव खातात. त्यांच्यात पारा बहुतेक ठिकाणी कमी असतो. समुद्रात जाऊन येणारा ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासाही चांगला. नॉर्दर्न पाईक, वॉलआय, लेक ट्राउट आणि बर्बट हे मासे इतर मासे खातात. लहान वॉलआय अधूनमधून खायला हरकत नसते. मोठा पाईक मात्र गरोदर बाईच्या ताटात येऊ देऊ नये.

लांबी मोजण्याची सवय लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. होडीच्या कडेवर किंवा मासे कापायच्या फळीवर न पुसला जाणारा रंग घेऊन सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात, आणि गावासाठी ठरलेल्या मर्यादेच्या जागी जाड लाल रेघ ओढावी. माशाचे नाक फळीच्या एका टोकाला टेकवायचे आणि शेपटी रेघेच्या पलीकडे गेली का ते पाहायचे. पलीकडे गेली तर तो मासा घरातल्या आजोबांसाठी, काका-मामांसाठी किंवा कुत्र्यांसाठी वेगळा ठेवायचा. ही रेघ कुठे ओढायची हे त्या तळ्याच्या तपासणीवरून ठरते. दुसऱ्या गावाची मर्यादा आपल्याकडे आणू नये.

एक अडचण इथे प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मोठा मासा मिळाला की तो गरोदर मुलीच्या घरी किंवा म्हाताऱ्या माणसांकडे पाठवणे हा मान देण्याचा रिवाज असतो, आणि नेमका तोच मासा तिच्यासाठी अयोग्य ठरतो. रिवाजाला हात न लावता मासा बदलता येतो : तिच्या घरी दोन-तीन ताजे व्हाइटफिश पाठवावेत, गाबोळीसह पाठवावेत. माशाच्या अंड्यांत पारा मांसापेक्षा बराच कमी असतो, आणि ती आवडीने खाल्लीही जातात. कोकणातही बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी किंवा मोरी मुद्दाम खाऊ घालतात. तोही शार्क म्हणजे शिकारी मासाच आहे, आणि तिथेही ‘बाळंतिणीला मासे देऊ नका’ असे म्हणण्याऐवजी मोरीच्या जागी तारली, मांदेली किंवा बांगडा द्या असे सांगणे अधिक योग्य ठरेल.

आठवड्याचा हिशेब

हा हिशेब एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय कोणालाही सल्ला देऊ नये. हेल्थ कॅनडाने गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी मिथाइलमर्क्युरीची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. इतर प्रौढांसाठी ती ०.४७ मायक्रोग्रॅम आहे. तपासणीच्या अहवालात माशाचा पारा ‘पीपीएम’मध्ये लिहिलेला असतो, आणि एक पीपीएम म्हणजे माशाच्या एका ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम.

साठ किलो वजनाच्या बाईचे उदाहरण घेऊ. ०.२ गुणिले ६० म्हणजे दिवसाला १२, आणि आठवड्याला ८४ मायक्रोग्रॅम ही तिची मर्यादा झाली. व्हाइटफिशमध्ये ०.१ पीपीएम पारा असेल तर आठवड्याला ८४० ग्रॅम, म्हणजे दोनशे ग्रॅमची तुकडी चार वेळा, ती निर्धास्त खाऊ शकते. वॉलआयमध्ये ०.५ पीपीएम असेल तर १६८ ग्रॅम, म्हणजे आठवड्यातून एकदा आणि तेही पोटभर नाही. मोठ्या पाईकमध्ये १ पीपीएम असेल तर केवळ ८४ ग्रॅम. त्या पाईकची दोनशे ग्रॅमची एकच तुकडी खाल्ली की दोन आठवड्यांहून अधिक काळाचा वाटा एका जेवणात संपतो. पंधरा किलोच्या मुलासाठी आठवड्याची मर्यादा २१ मायक्रोग्रॅम येते : तो व्हाइटफिश २१० ग्रॅम खाऊ शकतो, तर पाईक अवघा २१ ग्रॅम, म्हणजे दोन घास.

आकडे मिसळूनही पाहावेत, कारण कोणतेही घर आठवडाभर एकच मासा खात नाही. त्याच बाईने तीन वेळा दोनशे ग्रॅम व्हाइटफिश खाल्ला तर ६० मायक्रोग्रॅम झाले. उरलेल्या २४ मध्ये ०.३ पीपीएम असलेल्या लहान वॉलआयचे ८० ग्रॅम बसतात. दुकानातल्या ट्यूनाच्या डब्याचाही यात समावेश करावा. डब्यावर अल्बाकोर किंवा पांढरा ट्यूना असे लिहिले असेल तर त्यात पारा जास्त असतो. ‘लाइट’ ट्यूनात तुलनेने कमी असतो. तळ्यातला मासा जपून खाणारी घरे डब्यातला ट्यूना मात्र मुलांना रोज देतात, असे होऊ नये.

एखाद्या आठवड्यात मर्यादा ओलांडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ही मर्यादा दीर्घकाळच्या सरासरीची आहे, आणि एखाद्या सणाच्या किंवा गावजेवणाच्या दिवशी जास्त खाल्ले गेले तर पुढचे दोन आठवडे व्हाइटफिशवर राहून ते भरून काढता येते. हे स्पष्ट सांगितले नाही तर लोक गावजेवणाला येणेच सोडतात.

स्वयंपाकघरात काय बदलते आणि काय नाही

मिथाइलमर्क्युरी चरबीत नसते; ती माशाच्या मांसातील प्रथिनांना चिकटलेली असते. म्हणून कातडी सोलून, चरबी काढून, मीठ लावून, लिंबात मुरवून, उकळून पाणी टाकून किंवा तळून ती जात नाही. चरबी काढून टाकण्याचा सल्ला पीसीबीसारख्या इतर प्रदूषकांसाठी बरोबर आहे, आणि तोच पाऱ्यालाही लागू पडतो असा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आढळतो.

सुकवणे आणि धुरावणे यांत मात्र लक्ष घालावे लागते. एक किलो ताजे मांस सुकून पाव किलो उरले तर पाणी उडाले, पण पारा तेवढाच राहिला; त्या सुक्या माशात दर ग्रॅममागे पारा चौपट झाला. हिशेब नेहमी ताज्या वजनावर करावा. सुका करायचा मासा व्हाइटफिश असेल तर अडचण येत नाही, म्हणून धुराच्या झोपडीत कोणता मासा टांगायचा हे आधीच ठरवलेले बरे.

बर्फपेटीत ठेवताना पिशवीवर तळ्याचे नाव, माशाची जात, लांबी आणि महिना लिहावा. सोललेले तुकडे गोठल्यावर पाईक आणि वॉलआय ओळखू येत नाहीत, आणि फेब्रुवारीत पिशवी काढणारी सून ती सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या सासऱ्याला विचारायला जातेच असे नाही. लहान माशांच्या पिशव्यांना हिरवी आणि मोठ्या शिकारी माशांच्या पिशव्यांना लाल चिकटपट्टी लावली की वाचण्याचेही काम उरत नाही.

ॲमेझॉन खोऱ्यातील तापाजोस नदीकाठच्या ब्राझिलिया लेगल या गावातला अनुभवही सांगण्याजोगा आहे. ब्राझील आणि कॅनडातील संशोधकांनी गावकऱ्यांबरोबर ‘जे मासे इतर माशांना खात नाहीत ते अधिक खा’ असा एका वाक्याचा सल्ला ठरवला. लोकांनी मासे खाणे सोडले नाही, माशांची निवड बदलली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या केसांतील पारा उतरला. त्याच गावातील स्त्रियांनी वर्षभर रोज काय खाल्ले याच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा तेवढेच मासे खाणाऱ्यांतही फळे जास्त खाणाऱ्यांच्या केसांत पारा कमी आढळला. उत्तर कॅनडात फळे म्हणजे मुख्यतः उन्हाळ्यातल्या रानबेरी. त्या माशाबरोबर खाण्यात फायदाच आहे, मात्र बेरी खाल्ल्या म्हणजे मोठा पाईक चालतो असे कोणाला वाटू देऊ नये.

कोणासाठी आणि केव्हा

सर्वांत जपायचे ते गर्भाला. मेंदू घडत असताना मिथाइलमर्क्युरी पोहोचली तर पुढे मुलाची भाषा, लक्ष आणि हातांची सफाई यांवर परिणाम होतो, आणि आईला स्वतःला काहीच जाणवलेले नसते. प्रौढांत प्रमाण फार वाढले तर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, कडेचे दिसेनासे होणे ही लक्षणे येतात. ती दिसेपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

रक्तातली मिथाइलमर्क्युरी निम्मी व्हायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात. म्हणून मूल हवे असलेल्या जोडप्याशी सहा महिने आधी बोलता आले तर उत्तम, कारण तेवढ्या काळात साठलेल्यापैकी बहुतांश निघून जाते. दिवस गेल्याचे कळल्यावर सुरुवात केली तरी उपयोग होतो, आणि ‘आता उशीर झाला’ असे कोणत्याही गरोदर बाईला कधीही म्हणू नये. अंगावर पाजणे थांबवू नये. दुधातून जाणारा पारा वारेतून जाणाऱ्यापेक्षा कमी असतो आणि आईच्या दुधाचे फायदे मोठे आहेत. आईने माशांची निवड बदलावी, एवढेच पुरते.

क्वेबेकच्या उत्तर टोकाला नुनाविकमध्ये इनुइट स्त्रियांच्या अंगातील पाऱ्याचा मुख्य स्रोत मासा नसून बेलुगा देवमाशाचे मांस, विशेषतः सुकवलेले मांस, हा आहे. तेथील प्रादेशिक आरोग्य मंडळाने २०११ मध्ये गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना ते मांस कमी करण्यास सांगितले, आणि त्याच भागात गरोदर स्त्रियांना आर्क्टिक चार मोफत पुरवण्याचा उपक्रमही चालवला गेला. एक पदार्थ कमी करायला सांगताना दुसरा हातात ठेवणे, ही त्यातली अनुकरणीय गोष्ट आहे. सामुदायिक बर्फपेटी असलेल्या गावात व्हाइटफिशचा एक कप्पा गरोदर स्त्रियांसाठी राखून ठेवणे अवघड नाही; गावातील तरुण मासेमारांना त्यासाठी बँड कौन्सिलकडून इंधनाचा खर्च मिळवून द्यावा.

केसांची तपासणी

कोणाच्या अंगात किती पारा आहे हे केसांवरून चांगले कळते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून त्वचेलगतचा पहिला सेंटीमीटर गेल्या महिन्याची आणि सहावा सेंटीमीटर सहा महिन्यांपूर्वीची नोंद देतो. डोक्याच्या मागच्या बाजूने, वरचे केस बाजूला करून, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड बट त्वचेला अगदी लगटून कापावी, मुळाकडच्या टोकाला दोऱ्याने बांधावी आणि कागदावर बाण काढून मुळाची बाजू दाखवावी. बाण विसरला तर महिन्यांचा सगळा हिशेब उलटा होतो.

हेल्थ कॅनडाच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांच्या रक्तात लिटरमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पारा असावा. गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया व मुलांसाठी ८ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली गेली आहे. केसांत याचे प्रमाण ढोबळमानाने ग्रॅममागे ५ आणि २ मायक्रोग्रॅम इतके येते. आकडा वर गेला तर आधी त्या घरात मागचे काही महिने कोणते मासे खाल्ले गेले ते शांतपणे विचारावे, निवड बदलावी आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासावे. पारा उतरवण्याची औषधे आणि ‘शरीर शुद्ध करणारे’ काढे विकणाऱ्यांपासून लोकांना सावध करावे. माशांतून आलेल्या अशा प्रमाणासाठी ती द्यायची नसतात.

केस कापणे ही अनेक फर्स्ट नेशन्समध्ये साधी गोष्ट नाही. केसांना पवित्र मानले जाते, आणि काही ठिकाणी ते शोकात कापले जातात. म्हणून आधी ज्येष्ठांची परवानगी घ्यावी, तपासून उरलेले केस ज्याचे त्याला परत देण्याची तयारी लेखी कळवावी, आणि कोणी नकार दिला तर कारण विचारू नये. मिळालेल्या माहितीची मालकी, तिच्यावरचे नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा ताबा हे चारही समाजाकडेच असावेत, असे तत्त्व कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी मांडले आहे. गावाचा निकाल आधी गावाला कळावा. तो वर्तमानपत्रात वाचण्याची वेळ लोकांवर येऊ नये.

बोलावे कसे

ग्रासी नॅरोजसारख्या ठिकाणी लोकांनी दोन-तीन पिढ्या तज्ज्ञांच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. तिथे जाऊन ‘तुमच्या खाण्यात दोष आहे’ असे सुचवणारे एक वाक्यही विश्वास तुटायला पुरे होते. पारा त्यांनी नदीत टाकलेला नाही, हे पहिल्या सभेत स्वच्छ शब्दांत म्हणावे. माशांची निवड हा कुटुंबाला आज वापरता येणारा बचाव आहे. नदीतला गाळ काढणे, धरणापूर्वी पाऱ्याचा विचार करणे आणि धूर रोखणे ही जबाबदारी कारखान्यांची आणि सरकारांचीच राहते. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या प्रस्तावनेतच आर्क्टिक परिसर व आदिवासी समाज यांच्या विशेष धोक्याचा उल्लेख आहे. गावाला आपली मागणी पुढे नेताना हा आधार वापरता येतो.

आधी चांगले काय ते सांगावे. ‘व्हाइटफिश आठवड्यातून तीन वेळा निर्धास्त खा, या तीन तळ्यांतला लहान वॉलआय आठवड्यातून एकदा खा’ असे म्हणून मगच मोठ्या पाईककडे यावे. क्री, अनिशिनाबेमोविन किंवा इनुक्टिटुटमध्ये बोलणारी स्थानिक कार्यकर्ती असेल तर सभा तिनेच घ्यावी आणि बाहेरून आलेल्याने शेजारी बसून आकड्यांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. सभेपेक्षाही माशांवर बोलायची उत्तम जागा म्हणजे मासे कापण्याची फळी. कापणाऱ्या बाया पोट फाडून मासा काय खात होता ते दाखवू शकतात : पाईकच्या पोटातून आख्खा लहान मासा निघाला की साखळी समजावून सांगावी लागत नाही.

सल्ल्याची तारीख

एकदा दिलेला सल्ला कायमचा नसतो. ला ग्रांदच्या जलाशयांत पारा भरणीनंतर साधारण पहिल्या दहा-बारा वर्षांत सर्वांत वर गेला आणि नंतर उतरू लागला. व्हाइटफिशमध्ये तो आधी उतरला, पाईक आणि वॉलआयमध्ये मूळ पातळीवर यायला २० ते ३० वर्षे लागली. म्हणजे ज्या मुलीने लहानपणी ‘या पाण्यातला मासा नको’ असे ऐकले, ती आई होईपर्यंत तो मासा पुन्हा खाण्याजोगा झालेला असू शकतो, आणि तिला तसे कोणी सांगितलेले नसते. उलट नवे धरण, जंगलतोड किंवा खाण आली की आजवर निर्धोक असलेले तळे बिघडू शकते.

म्हणून प्रत्येक फलकावर आणि पत्रकावर तळ्याचे स्थानिक नाव, माशाची जात, लांबीची मर्यादा, तपासणीचे वर्ष आणि पुढची तपासणी केव्हा होणार हे पाचही मुद्दे असावेत. पुढच्या तपासणीचे वर्ष उलटून गेले असेल तर तो फलक उतरवावा आणि नव्या तपासणीसाठी बँड कौन्सिलकडे जावे. मासे सुधारल्याचे दिसले तर ती बातमीही पहिल्या इशाऱ्याइतक्याच जोराने, त्याच रेडिओवर आणि त्याच सभेत द्यावी, आणि त्या दिवशी त्या तळ्यातला मासा शिजवून सर्वांना वाढावा.